मामाची मांडी

आमच्या घरातला कुत्रा माझा भाचा लागतो. हे मी ठरवलेलं नाही. माझी धाकटी बहीण त्याला पहिल्यापासून "माझा मुलगा" म्हणत आली, त्यामुळे ओघानेच मी मामा झालो, बायको मामी झाली आणि आई आजी. स्वतःच्या डोक्यावरचे केस निरोप घेत असताना इतका केसाळ भाचा पदरात पडेल, असं मला वाटलं नव्हतं.

त्याची जात तिबेटकडची, असं बहीण सांगते. असेल. मांजरापेक्षा मोठा, बोकडापेक्षा लहान, बसका, पांढरा, पाठीवर थोडी सोनेरी झाक. केस इतके की पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, हे तो चालायला लागेपर्यंत समजत नाही. तो आला त्या दिवशी आमच्या आळीतले एक म्हातारबुवा फाटकाशी सायकल टेकवून बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "बकरी हाय का कुत्रा?" मी म्हटलं, "भाचा आहे." त्यांनी मान हलवली आणि सायकलवर टांग मारून गेले. त्यांच्या दृष्टीने शंका मिटली असावी.

बहीण खारघरला एकटी राहते. नोकरी चांगली, पण कंपनीने तिला हैदराबादला पाठवलं आणि तिथे राहायला जी जागा दिली त्यात जनावर चालणार नव्हतं. "दादा, पावसाळाभर ठेव," असा तिचा फोन आला. मी लगेच तोंड उघडलं. घरात कोंबड्या आहेत, दोरीवर मासळी वाळत असते, मागे वाडी आहे, वाडीत साप निघतात, बायकोची शाळा, माझं ऑफिस, आईचं वय. माझी कारणं संपायच्या आत ती त्याला घेऊन दारात उभी. एक जाळीची पेटी, त्या पेटीत तो, आणि सोबत त्याचा कंगवा, त्याचा टॉवेल, त्याच्या खाण्याची पिशवी. मी एवढ्या सामानानिशी लग्नाच्या वऱ्हाडातही गेलेलो नाही.

आईने पेटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "पाव्हणा दारात आलाय, पानी द्या त्याला." विषय संपला. त्या दिवसापासून त्याचं नाव पाव्हणा. बहिणीने ठेवलेलं इंग्रजी नाव आईच्या जिभेवर बसलं नाही आणि त्यालाही त्याची फारशी आठवण झालेली दिसली नाही.

आता आईबद्दल सांगायला हवं. तो यायच्या आदल्या वर्षी ती विहिरीच्या कट्ट्याजवळ घसरून पडली. कमरेचं हाड मोडलं होतं, ते जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता चालायचं. पण आईने चालणं सोडून दिलं. ओटीवरच्या खुर्चीत बसायची, भाजी निवडायची, रस्त्याने जाणाऱ्यांची विचारपूस करायची, पण पायरी उतरायची नाही. आम्ही काठी आणली, धरून चालायची चौकट आणली, मी ओरडलो, बायकोने समजावलं. आई "व्हय व्हय" म्हणायची आणि बसून राहायची. स्वतः लावलेल्या पोफळी बघायलासुद्धा ती मागच्या दारी गेली नाही.

पाव्हणा आल्यावर पहिल्या सोमवारी बायको शाळेत गेली, मी ऑफिसला अलिबागला निघालो, आणि पाव्हण्याला बाहेर जायचं होतं. आई उठली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात त्याचा पट्टा. हे मला संध्याकाळी शेजारणीकडून कळलं. त्या दिवशी वाडीपर्यंत. मग बुद्धविहारापर्यंत. पाऊस उघडला तेव्हा दोघं रोज सकाळी किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनापर्यंत जाऊन यायला लागली होती. आम्ही नवराबायको त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो. दृष्ट लागेल अशी भीती वाटायची. माझे वडील असते तर त्यांनी मला त्यावरून झापलं असतं, पण वाटायची ती वाटायचीच.

आता केसांकडे येतो, कारण सगळी भानगड केसांनी केली.

खारघरला बहीण त्याला दर महिन्याला पार्लरमध्ये न्यायची. आमच्याकडे वाडी, चिखल, रेती आणि गवत. पावसाळ्यानंतर गवताची कुसळं तयार झाली ती त्याच्या पंज्यांतच शिरली. त्याच्या पायांच्या गाद्यांमध्ये केस वाढून बाहेर आले आणि आमच्या गुळगुळीत लाद्यांवर तो घसरायला लागला. जेवणाची हाक आली की हॉलमधून धावत यायचा, वळणावर चारही पाय चार दिशांना जायचे आणि हा पोटावर सरकत थेट फ्रीजला जाऊन लागायचा. उठून आमच्याकडे असा बघायचा की फ्रीज आम्हीच मध्ये आणून ठेवलाय. तोंडाची अवस्था त्याहून वाईट. दाढीत कालवण, मिशीत भात, आणि डोळ्यांवर पडदा. डोळ्यात केस जाऊन पाणी वाहायचं, त्या पाण्याने केस चिकटायचे आणि पुन्हा डोळ्यात जायचे.

अलिबागला एक पार्लर आहे, तिथे नेलं. तिथल्या मुलीने त्याला टेबलावर चढवलं, तोंडाला पट्टी बांधली आणि आम्हाला बाहेर बसवलं. आतून जो आवाज आला तो ऐकून मी मधेच आत शिरलो आणि त्याला तसाच उचलून आणला. घरी येऊन तो माझ्या खाटेखाली गेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. मी खाटेवर पालथा पडून खाली डोकं घालून त्याच्याशी बोलत होतो. ऑफिसात मला लोक तापट समजतात. त्यांनी मला त्या अवस्थेत पाहिलं असतं तर फार पंचाईत झाली असती.

मग आईने सूत्रं हाती घेतली. तिचा इलाज सोपा होता. केस गुंतले की तेल. आम्हा दोघा भावंडांची डोकी, आता बाहेरगावी शिकणाऱ्या आमच्या मुलाचं डोकं, शेजारच्या निम्म्या आळीतली डोकी तिने खोबरेल तेलानेच ताळ्यावर आणलेली. आमच्या वाडीतले नारळ, त्यांचं खोबरं घाण्यावर नेऊन काढलेलं तेल. त्या तेलापुढे काही टिकत नाही, अशी तिची खात्री. एका रविवारी दुपारी आम्ही जेवून लवंडलो असताना तिने पाव्हण्याला पायरीवर घेतलं आणि वाटीभर तेल नाकापासून शेपटापर्यंत जिरवलं. चोळून चोळून. त्यालाही ते आवडलं असणार, तो डोळे मिटून पडून होता म्हणे.

तेल जिरल्यावर त्याने अंग झाडलं आणि उघड्या फाटकातून धूम ठोकली ती सरळ किनाऱ्यावर. आमच्या चौलच्या किनाऱ्याची रेती काळी. त्या रेतीत तो मनसोक्त लोळला. येताना शेजारच्या गिरणीमागे भाताच्या तुसाचा ढीग होता, त्यात लोळला. मग घरी आला आणि दारात उभा राहून त्याने शेपूट हलवलं. म्हणजे हलवायचा प्रयत्न केला. शेपूट एकसंध झालं होतं.

आई म्हणाली, "अगं बाय बाय बाय." एवढंच.

आम्ही हसून हसून मेलो. बायकोने फोटो काढला. पांढऱ्या कुत्र्याचा काळा गोळा, त्याला सोनेरी तूस लागलेलं, आणि मागे हातात वाटी घेतलेली आई. इतका छान फोटो, बहिणीला पाठवल्याशिवाय राहवेना. पाठवला.

तिचा फोन पाच मिनिटांत आला. ती हसत नव्हती.

"दादा, काय अवस्था केलीय रे त्याची?"

मी म्हटलं, "अगं, धुतलं की जाईल."

"नाही जाणार. जटा होणार त्याच्या. त्याचे डोळे बघ ना, दिसतायत का तरी? चूक तुमची नाहीये, माझीच आहे. पावसाळाभर म्हटलं आणि किती दिवस झाले. आईने या वयात हे कशाला करायचं? पुण्याला माझ्या ओळखीचं एक कुटुंब आहे, त्यांच्याकडे अशीच एक कुत्री आहे, ती लोकं सगळं नीट करतात. त्यांनी विचारलं होतं मला. मी येत्या रविवारी येते आणि त्याला तिकडे सोडते."

मी फोन ठेवला तेव्हा कुणीच हसत नव्हतं. फोन स्पीकरवर होता, सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. आईने वाटी धुऊन पालथी घातली.

"न्हेऊ दे," ती म्हणाली. "तिचा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई फिरायला गेली नाही. पाव्हणा पट्टा तोंडात धरून तिच्या खुर्चीसमोर उभा राहिला. तिने त्याला बायकोच्या हवाली केलं आणि निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला घेतली.

मला राग आला. मला राग पटकन येतो आणि आईवर सर्वांत पटकन येतो. मी म्हटलं, "अगं, तिला सांग ना, नको नेऊस म्हणून! तुझा पाय चालायला लागला तो याच्यामुळे, हे तिला माहीत तरी आहे का?"

"न्हाय, आन तू सांगायचं न्हाय," आई म्हणाली. "ती तिकडं एकटी. आईचा पाय असा हाय कळलं तर जीव टांगनीला लागंल तिचा. मी तिला सांगितलंय, मी बरी हाय."

"मग पायाचं राहू दे. नुसतं नको नेऊ म्हण."

"काय म्हनू? मी कुनाला काय म्हनत न्हाय."

हे मात्र खरं होतं. आई कुणाला काही म्हणत नाही. माझी बदली पोलादपूरला झाली तेव्हा मी नवा नवा बाप होतो, घरात तान्हं मूल. आईने मला सुक्या बोंबलांची पुडी बांधून दिली आणि जा म्हणाली. बहीण बारावीनंतर शिकायला मुंबईला गेली तेव्हा आळीतली घर सोडून शिकायला जाणारी ती पहिलीच मुलगी. वडील शाळामास्तर, त्यांनीच तिला तयार केलेलं, आणि एसटी सुटताना तेच लहान मुलासारखे रडले. आई रडली नाही. तांदळाच्या भाकऱ्यांचं फडकं खिडकीतून आत दिलं आणि गाडी वळायच्या आत घराकडे चालायला लागली. मला तेव्हा ती दगडाची वाटली होती. खरं सांगायचं तर नंतरही कितीतरी वर्षं वाटत राहिली.

तेव्हा आईकडून काही होणार नाही, हे उघड होतं. बहिणीची तक्रार पाव्हण्याच्या अवताराबद्दल होती. मग अवतारच बदलायचा, असं मी आणि बायकोने ठरवलं. रविवारपर्यंत त्याला असा करायचा की तिला न्यायला कारणच उरू नये.

अंगावरचं तेल बेसनाने निघालं. तीन वेळा चोळून धुतलं तेव्हा आतून पांढरा रंग दिसायला लागला. जटा बोटांनी सोडवल्या, ज्या सुटेनात त्यांच्याखाली कंगवा घालून वरून कापल्या, म्हणजे कातडीला कात्री लागत नाही. पाठीवर जागोजागी बोडकं दिसत होतं, पण ते दुरून खपण्यासारखं होतं. राहिले पंजे आणि चेहरा, आणि तिथे त्याने सत्याग्रह सुरू केला. डायनिंग टेबलावर उभं केलं तर पाय घसरायचे, घसरले की घाबरायचा, घाबरला की खाटेखाली. मी मागून धरलं, बायकोने पुढून धरलं, आणि मग लक्षात आलं की कात्री धरायला कुणी उरलेलंच नाही.

हा सगळा तमाशा आई ओटीवरून बघत होती. नाही बघायचं असं ठरवूनसुद्धा बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"जावळ कवा टेबलावर करतात व्हय?" ती आतल्या बाजूला तोंड करून ओरडली. "मामा नुसता नावाला हाय काय? घे की मांडीवर!"

आमचं घर बौद्धांचं. वडिलांनी पंचांग, मुहूर्त, नवस, सगळं घराबाहेर काढलं होतं. पण लहान मुलाचे पहिले केस काढताना मूल मामाच्या मांडीवर बसवायचं, ही पद्धत आमच्याकडे राहिली. माझे केस माझ्या मामाच्या मांडीवर निघाले, माझ्या मुलाचे त्याच्या मामाच्या. कुणीतरी वडिलांना यावरून टोकलं होतं, तर ते म्हणाले, "मांडीत कसली अंधश्रद्धा? पोर पडत नाही, एवढंच." वडिलांच्या दरबारातून सुटलेली ही एकच प्रथा असावी. आणि बहिणीला मूल नाही, तेव्हा मला मामा म्हणून मांडी देण्याचा योग या जन्मात नाही, असं मी धरून चाललो होतो.

मी ओटीवर चटई टाकून मांडी घातली. पाव्हण्याला उचलून त्याची पाठ माझ्या पोटाला टेकवून बसवलं. तो थोडा वळवळला, माझ्या पोटात जागा करून घेतली (तिथे जागा भरपूर आहे) आणि चक्क बसला. पायाखाली घसरायला काही नव्हतं, एवढंच त्यामागचं शास्त्र असावं. पण आईचा चेहरा असा झाला की जणू तिने धरणच बांधलंय.

कात्री बायकोकडे गेली. ती शाळेत मुलांना कागदाची फुलं कापायला शिकवते, तिचा हात स्थिर. माझा हात सरकारी, म्हणजे नस्तीचा दोरा कापण्यापलीकडे त्याचा अनुभव नाही. मी एकदा "मी कापू का?" असं विचारून पाहिलं. दोघीही एकदम नको म्हणाल्या. तेव्हा माझ्या वाट्याला मांडी आली ती आलीच. पाय मुंग्यांनी भरून जायचे, नाकात केस जायचे, आणि मला शिंकायची बंदी होती.

पंजा कापायचा म्हणजे आधी नुसता हातात धरून ठेवायचा. तो ओढून घेतो. पुन्हा धरायचा. हे पटेपर्यंत कात्री दाखवायचीच नाही. मग बोटाने गाद्यांमधले केस बाहेर काढायचे आणि बोथट टोकाच्या कात्रीने गादीच्या पातळीत कापायचे. बोटांच्या बेचक्यात कात्री खुपसायची नाही, तिथली कातडी पातळ असते. बायको कापत जायची आणि शाळेतल्या आवाजात म्हणायची, "शाब्बास. आता दुसरं बोट. शाब्बास." एका बेचक्यातून कुसळ निघालं, आत रुतून बसलेलं. तो ते इतके दिवस घेऊन आईबरोबर सुरूच्या बनापर्यंत जात होता. आईने ते कुसळ हातात घेऊन उन्हात धरलं आणि त्याला चार शिव्या घातल्या. कुसळाला.

रोज संध्याकाळी एक पंजा. शुक्रवारी चारही झाले. त्याला लादीवर सोडला तर तो हॉलमधून धावत आला आणि वळणावर फ्रीजला न लागता वळला. स्वतःच थबकला. मागे वळून फ्रीजकडे बघून आला.

चेहरा मात्र देईना. मांडीवर बसेल, पंजे देईल, पण कात्री डोळ्यांजवळ आली की मान फिरवायचा, आणि मान फिरली की बायको कात्री मागे घ्यायची. डोळ्याजवळ चुकायची सोय नाही. शनिवारी आम्ही हात टेकले. रविवारी सकाळी शेवटचा प्रयत्न म्हणून पुन्हा चटई टाकली. पाव्हण्याने आमच्या दोघांकडे पाहिलं, माझ्या मांडीवरून उतरला, खुर्चीपाशी गेला आणि आईच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून उभा राहिला.

आईने हातातली भाजी बाजूला ठेवली. "माझ्याकडं काय बघतोस रं?" ती म्हणाली. मग काठी टेकून उठली, जमिनीवर बसायला डॉक्टरांनी मना केलेलं, म्हणून स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. तो पुन्हा माझ्या मांडीवर आला. आईने हाताची ओंजळ त्याच्यासमोर धरली आणि त्याने आपण होऊन तिच्यात हनुवटी ठेवली. सगळं वजन सोडून.

"काप," आई म्हणाली. "पन हलू नका कुनी."

आता एवढ्याशा कुत्र्याला तीन माणसं. एक मांडी, एक ओंजळ, एक कात्री. आमच्या ऑफिसात एका कामाला यापेक्षा जास्त माणसं लागतात, पण ती एकमेकांकडे बघत नाहीत. बायकोने डोळ्यावरचे केस कंगव्याने खाली ओढले. कात्री डोळ्याला आडवी, टोक बाहेरच्या बाजूला. कच्. आई खालच्या आवाजात काहीतरी गुणगुणत होती, भाताच्या लावणीच्या वेळी बायका म्हणतात त्यातलं. कच्. उजवा डोळा उघडा पडला. तपकिरी, ओला, आणि आम्हाला वाटला होता त्यापेक्षा कितीतरी म्हातारा. इतके दिवस आम्ही नुसत्या केसांशी बोलत होतो. मला एकदम भरून आलं आणि मी हललो. दोघींनी मला एकाच वेळी दटावलं.

एवढ्यात फाटक वाजलं. बहीण दुपारी येणार होती, पण तिला कुणाची तरी गाडी मिळाली. हातात तीच जाळीची पेटी.

"थांब!" आम्ही तिघं ओरडलो. "तिथंच थांब, हलू नको!"

इतक्या महिन्यांनी घरी आलेल्या मुलीचं हे स्वागत. ती फाटकातच उभी राहिली. पाव्हण्याचं शेपूट माझ्या पोटावर धडाधड आपटायला लागलं, त्याने तिचा वास ओळखला होता. पण हनुवटी त्याने उचलली नाही. आईच्या ओंजळीत तशीच ठेवून, एक उघडा आणि एक झाकलेला डोळा तिच्या दिशेने लावून तो बसून राहिला.

बहीण हळूहळू पायरीपर्यंत आली. "हा असा बसतो?" ती म्हणाली. "तिकडे पार्लरमध्ये मला काचेबाहेर बसवायचे. आतून त्याचा आवाज यायचा आणि मी कानात गाणी लावून बसायचे." तिने त्याचे पंजे पाहिले, एकेक उचलून, खालून. बायकोकडे पाहिलं. "वहिनी, किती छान केलंस गं."

मला वाटलं, जिंकलो.

पण ती पेटी ओटीवर ठेवून तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "पण हे दर महिन्याला कोण करणार? तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. आई अशी स्टुलावर वाकून बसणार, तिची कंबर. नाही, दादा. मी त्या लोकांना शब्द दिलाय. ते चांगले आहेत खरंच. मला वाईट वाटत नाहीये असं समजू नका." आणि तिने तोंड फिरवलं, कारण तिला वाईट वाटत होतं.

मी तोंड उघडलं. आईने माझ्याकडे पाहिलं, मी मिटलं.

पाव्हण्याने सुस्कारा सोडला. आईने अंगठ्याने त्याच्या हनुवटीखाली खाजवलं आणि त्याच्याकडेच बघत, आम्हाला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली, "न्हेऊ नको त्याला."

आधी कुणालाच कळलं नाही की हे कोण बोललं.

"काय गं?" बहिणीने विचारलं.

"न्हेऊ नको. त्याच्यामुळं मी उठते. पाय बसला होता माझा, तुला बोलली न्हाय. सकाळी त्याला न्यायचा असतो म्हनून उठते. तो गेला तर मी न्हाय उठायची." आईचा आवाज कोरडा होता, हिशेब सांगावा तसा, पण तिचा अंगठा हनुवटीखाली खाजवतच होता.

बहिणीने आईच्या पायांकडे पाहिलं. मग हसली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "कुत्र्याला जाऊ नको म्हणतेस," ती म्हणाली. "मला कधी गं नाही म्हणालीस? मी मुंबईला निघाले तेव्हा पूर्ण प्रवासभर रडत होते. एकदा तरी म्हणायचं होतंस."

आईने पहिल्यांदा मान वर केली.

"म्हनली असती," ती म्हणाली, "तर तू ऱ्हायली असतीस."

बायकोच्या हातातली कात्री तशीच हवेत होती. मी माझ्या आईकडे बघत होतो आणि मला ती एसटी दिसत होती, भाकऱ्यांचं फडकं दिसत होतं, आणि गाडी वळायच्या आत घराकडे वळलेली तिची पाठ. तिने मागे वळून का पाहिलं नाही, ते मला त्या स्टुलासमोर मांडी घालून बसलेलं असताना कळलं.

पाव्हण्याला हे सगळं फार लांबल्यासारखं झालं. त्याने हनुवटी उचलून पुन्हा ओंजळीत आपटली, म्हणजे चला, आटपा. बहिणीने नाक पुसलं, पेटी पायाने बाजूला सारली आणि आईच्या शेजारी येऊन बसली. आईच्या ओंजळीखाली तिने आपली ओंजळ लावली.

"वहिनी," ती म्हणाली, "दुसरा डोळा काप."